बदली आणि विलंब : एकाच कायद्याची दोन टोकं

मंडळी, मला दिलेला विषय लांबरुंद आहे. राज्य शासनातला भ्रष्टाचार कसा रोखायचा आणि लोकांचा गेलेला विश्वास परत कसा आणायचा. अशा व्याख्यानात रामशास्त्री प्रभुणे येतातच. आज मी त्यांना विश्रांती देणार आहे. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण त्यांचं नाव निघालं की ऐकणाऱ्याला वाटतं, तसा एक बाणेदार माणूस खुर्चीवर बसला की प्रश्न मिटला. माझी उमेदीची वर्षं शासकीय सेवेत टिपण्या लिहिण्यात गेली. प्रामाणिक माणसं मला तिथे पुष्कळ भेटली. त्यांतली बरीच साइड पोस्टिंगवर, म्हणजे बिनमहत्त्वाच्या जागी बसवलेली होती. त्यामुळे आज माणसांबद्दल कमी आणि एका कायद्याबद्दल जास्त बोलणार आहे.

त्याचं पूर्ण नाव असं : महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. एका दमात म्हणता येत नाही. कर्मचारी त्याला बदल्यांचा कायदा म्हणतात, कार्यकर्ते दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. पुस्तिका एकच, दोघंही आपापला अर्धा भाग वाचतात. अण्णा हजारे यांच्या त्या काळातल्या आंदोलनांत माहितीच्या अधिकाराबरोबर या दोन मागण्या होत्या, आणि त्यातून हा कायदा उभा राहिला. बदली आणि विलंब हे दोन विषय एका कायद्यात का घातले, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते राज्यातल्या भ्रष्टाचाराची सगळी यंत्रणा या एका जोडणीत दिसते. खालच्या टेबलावर वेळ विकला जातो आणि वरच्या मजल्यावर खुर्ची विकली जाते. खुर्चीची किंमत वेळ विकून वसूल होते. एक टोक धरून दुसरं सोडलं की पकड सुटलीच.

आधी खालचं टोक बघू. वडील गेले, सातबाऱ्यावर मुलांची नावं लावायची आहेत. वारस नोंद. यात वाद नाही, कुणाची मेहरबानी नाही. अर्ज येतो, तलाठी फेरफार धरतो (२०२४ पासून त्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात कोण म्हणतं?), हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. झालं. या साखळीत कुठेही 'नाही' म्हणायला जागा नाही. मग पैसे कशाचे मागतात? 'अजून नाही'चे. साहेब दौऱ्यावर आहेत, सर्व्हर बंद आहे, मागच्या नोंदीत स्पेलिंग जुळत नाही, पुढच्या आठवड्यात या. ज्याला बियाण्यासाठी कर्ज काढायचं आहे त्याच्याकडे पुढचा आठवडा नसतो. तिथे व्यवहार ठरतो. १९६२ साली केंद्राने नेमलेल्या संथानम समितीने या पैशाला वेग वाढवण्याचा पैसा म्हटलं होतं, आणि एक बारीक गोष्ट नोंदवली होती. ही सवय एकदा लागली की पैसे घेतल्याने काम लवकर होत नाही, पैसे मिळावेत म्हणून काम मुद्दाम उशिरा होऊ लागतं. साठ वर्षांनंतरही यात एक शब्द बदलावा लागत नाही.

२००५च्या कायद्याचं दहावं कलम याच ठिकाणी बोट ठेवतं. कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. तातडीची चार दिवसांत, तत्काळ शेऱ्याची शक्यतो एका दिवसात. दुसऱ्या खात्याला विचारायची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत. हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. वाचून बरं वाटतं.

आता यातून सुटका कशी होते ते सांगतो. नस्तीवर शेरा मारायचा, 'चर्चा करावी'. नस्ती माझ्या टेबलावरून उठली, माझे सात दिवस संपले. ती खाली जाते. खालचा माणूस चर्चेला येतो तेव्हा साहेब बैठकीत. मग 'फेरसादर करावे'. पुन्हा नवे सात दिवस. कायदा एका टेबलावरचे दिवस मोजतो, नस्तीच्या येरझाऱ्या मोजत नाही. नस्ती महिनाभर फिरत राहिली तरी कुणीच दोषी नसतं. प्रशासनातली सगळ्यात महागडी वस्तू कोणती असं मला कुणी विचारलं तर मी 'चर्चा करावी' हे दोन शब्द सांगेन. त्यावर सही असते, तारीख असते, आणि त्यात काहीही लिहिलेलं नसतं.

पुढे २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये अशा कायद्याची वाट दाखवली होती, आपण पाच वर्षांनी गेलो. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क झाला. मुदत चुकली तर खात्यातच पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोगाकडे तिसरं. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज केला की क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाला तारीख असते. मी या कायद्याला फार मोठा मानतो, कारण पहिल्यांदा घड्याळ नागरिकाच्या हातात आलं. पण तिथेही पळवाट सापडली. मुदत पंधरा दिवसांची असेल तर चौदाव्या दिवशी अर्ज त्रुटीत परत पाठवायचा. रेशनकार्डाची प्रत अस्पष्ट. ती जोडली की पुढची त्रुटी, स्वयंघोषणापत्रावर तारीख नाही. आकडेवारीत अर्ज निकाली निघालेला असतो, माणूस मात्र परत रांगेत उभा असतो. यावर तोडगा अवघड नाही : असतील त्या सगळ्या त्रुटी पहिल्या तीन दिवसांत एकदाच, लेखी सांगायच्या, त्यानंतर नवी त्रुटी काढता येणार नाही. एका परिपत्रकाचं काम आहे.

ऑनलाइनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या. एका उताऱ्यासाठी अख्खा दिवस घालवणारी पिढी आमची, आम्हाला याचं मोल कळतं. त्या उताऱ्यावरची चिरीमिरी खरोखर संपली. पण संपलं काय, हे नीट बघा. नक्कल ऑनलाइन झाली, निर्णय झाला नाही. सातबारा छापून द्यायला माणूस लागत नाही, म्हणून तिथली लाच गेली. सातबाऱ्यावर नाव चढवायला माणूस लागतो, म्हणून तिथली राहिली. संगणकाने भ्रष्टाचार जातो म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो : त्या पडद्यामागे 'मंजूर'वर क्लिक कोण करतो, आणि त्याला किती दिवस लावायची मुभा आहे?

आता कुणी म्हणेल, यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे ना. आहे. आणि सापळ्याचं काम तिथली माणसं मन लावून करतात. तक्रारदार येतो, आधी मागणीची पडताळणी होते, दोन सरकारी पंच हजर असतात, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात, इशारा ठरतो. साहेबाने किंवा त्याच्या खासगी पंटरने पैसे घेतले की हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, पाणी गुलाबी होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते. गेल्या काही वर्षांत राज्यात असे साधारण सात-आठशे सापळे वर्षाला होतात, आणि महसूल व पोलीस ही दोन खाती यादीत वर्षानुवर्षं आघाडीवर असतात.

सापळ्याची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. सापळा लागायला तक्रारदार लागतो. तक्रार कोण करतो? ज्याचं हक्काचं काम अडलंय तो. ज्याला बिनहक्काचं काम करून हवंय, म्हणजे कमी दर्जाचा रस्ता पास करून हवाय, जमिनीवरचं आरक्षण उठवून हवंय, वाळूचे ट्रक सोडून हवेत, तो कशाला तक्रार करेल? देणारा खूश, घेणारा खूश. गमावणारा तिसराच, आणि त्याला कळलेलंही नसतं. त्यामुळे सापळ्यांची यादी वाचली की राज्यातला भ्रष्टाचार हजार-पाच हजारांचा आहे असं वाटायला लागतं. मोठ्या प्रकरणाला उघड चौकशी लागते. आणि २०१८च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७-अ हे कलम घातल्यापासून, अधिकाऱ्याने सरकारी कामात घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी सुरू करायलाही सक्षम प्राधिकाऱ्याची आधी मंजुरी मागावी लागते. प्रामाणिक अधिकारी निर्णय घ्यायला बिचकू नये, हा हेतू मला पटतो. पण ज्याच्या सांगण्यावरून निर्णय झाला त्याच्याच दारात मंजुरी मागायला जावं लागू शकतं, याचं काय करायचं ते दुरुस्ती सांगत नाही.

सापळा लागल्यावर काय होतं, हे गाव बघत असतं, आणि विश्वासाचा प्रश्न इथेच आहे. निलंबन होतं. दोषारोपपत्रासाठी खटल्याची मंजुरी लागते, ती रखडते. निलंबन अनिश्चित काळ लांबवू नये, तीन महिन्यांत दोषारोप दाखल करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलं. ते न्याय्यच आहे, आरोप सिद्ध झाला नसताना माणसाला लटकवून कसं ठेवणार? पण आपली यंत्रणा तीन महिन्यांत दोषारोपपत्र देत नाही, म्हणून पकडलेला माणूस कामावर परत येतो. गाव त्याला पुन्हा खुर्चीत बघतं आणि आपापला निष्कर्ष काढतं. खटला उभा राहीपर्यंत पंच निवृत्त झालेले असतात, तक्रारदार फितूर झालेला असतो किंवा वारलेला असतो. इथे एक चांगली गोष्ट घडली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार वारला किंवा उलटला, तरी मागणी आणि स्वीकृती परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध करता येते. फितुरीचा भाव त्यामुळे थोडा तरी उतरायला हवा.

आता वरचं टोक. बदली.

कायदा काय म्हणतो? सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. त्याआधी कुणाला हलवायचं असेल तर कलम ४(५) : विशेष प्रकरणात, कारणं लेखी नोंदवून, लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेने. अपवादासाठी ठेवलेली एक फट. आज तुम्ही शासनाच्या बदली आदेशांवर नजर टाका, हे कलम किती वेळा भेटतं ते बघा. आणि कारण? 'प्रशासकीय निकड'. निकड कोणती, कुणाला पडली, अमुक माणसालाच का हलवायचं, ते काही नाही. म्हणून तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, ज्याला आपण मॅट म्हणतो, मुदतपूर्व बदल्यांचे आदेश पुन्हा पुन्हा रद्द केले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात दोन गोष्टी सांगितल्या : बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळ नेमा, आणि अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये, तो लेखी नोंदवून घ्यावा. मंडळं कागदावर नेमली गेली. तोंडी आदेशाचं म्हणाल तर दूरध्वनी अजून वाजतो.

सनदी अधिकारी तुकाराम मुंढे यांची बदली झाली की बातमी येते आणि त्यात आकडा असतो, आता तर तो वीसच्या पुढे गेला आहे. त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल तुमची माझी मतं वेगळी असू शकतात. माझं लक्ष बातमीत नसलेल्या गोष्टीकडे जातं. आकडा असतो, कारण नसतं. पेपरवाल्यांची चूक नाही, आदेशातच नसतं. आणि ज्यांची नावं पेपरात येत नाहीत अशा नायब तहसीलदारांचं, उपअभियंत्यांचं, पोलीस निरीक्षकांचं काय होत असेल याची कल्पना करा. कुठलं ठाणं, कुठलं आरटीओ, कुठलं दुय्यम निबंधक कार्यालय मलईदार, हे सेवेत लागल्या लागल्या पहिल्या महिन्यात कळतं. त्यासाठी प्रशिक्षण लागत नाही. जो पैसे मोजून अशा जागेवर येतो तो गुंतवणूकदार असतो. त्यात त्याची बदली कधीही होऊ शकत असेल, तर तीन वर्षांत वसूल करायचं ते तो एका वर्षात करतो. मुदतपूर्व बदलीची भीती प्रामाणिक माणसाला गप्प बसवते आणि बेइमान माणसाला घाई करायला लावते. एकच हत्यार दोन्ही कामं करतं. आणि ही घाई कुणाच्या अंगावर येते? वारस नोंदीसाठी तिसऱ्यांदा आलेल्या माणसाच्या.

पदावधीचा सुधारणांशी संबंध किती जवळचा आहे, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतली बसण्याची मांडणी, कागदांचं वर्गीकरण, नागरिकाला उत्तर देण्याची पद्धत, सगळं बदललं. देशभरातून लोक लखिना पॅटर्न बघायला येत. कुठलाही कागद मागितला की सापडायचा, यात केवढी क्रांती आहे ते सरकारी अभिलेख कक्षात एकदा तरी गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढे २०१७ च्या सुमारास विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही काम प्रलंबित न ठेवण्याची मोहीम चालवली, लाखो जुने कागद निकाली आणि निर्लेखित झाले. दोन्ही प्रयोग यशस्वी. आणि दोन्हींची कथा पुढे सारखीच : साहेब गेले, हळूहळू गठ्ठे परत आले. पद्धत माणसाच्या नावाने ओळखली गेली की ती त्याच्या बदलीबरोबर जाते. आपण प्रयोगाला पुरस्कार देतो, पण पुढच्या अधिकाऱ्यावर तो बंधनकारक करत नाही.

आता जरा वेगळ्या अंगाने. भ्रष्टाचार खरोखर मुळासकट गेला असं राज्यातलं एखादं उदाहरण आहे का? एक आहे, आणि ते राज्याच्या सर्वांत गाजलेल्या प्रकरणातून निघतं. १९८१ साली सिमेंट नियंत्रित होतं, परवान्यावर मिळायचं. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या देणाऱ्या बिल्डरांना सिमेंट मिळालं, असा आरोप झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी प्रकरण वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिलं, शिक्षा काही झाली नाही. त्या सगळ्या गदारोळात फेब्रुवारी १९८२ मध्ये केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. भ्रष्टाचार रोखण्यासाठी नव्हे, उद्योगात गुंतवणूक यावी म्हणून. पण आज या सभागृहातल्या तिशीच्या आतल्या कुणालाही 'सिमेंटचा परवाना' म्हणजे काय ते माहीत नाही. ज्या वस्तूसाठी एक मुख्यमंत्री गेला त्या वस्तूतली लाचच नाहीशी झाली. कुणी सुधारलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. द्यायला हातात काही उरलं नाही, एवढंच.

यावरून कुणी म्हणेल, सगळंच नियंत्रणमुक्त करा. थांबा. हेच न्यायमूर्ती लेंटिन चार वर्षांनी दुसऱ्या एका चौकशीला बसले. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औद्योगिक वापराचं भेसळयुक्त ग्लिसरॉल दिलं गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्यांच्या आयोगाने रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासनातले अधिकारी आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप यांवर जे ताशेरे ओढले ते आजही वाचवत नाहीत. आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. औषध तपासणारा माणूस काढून टाकून हा प्रश्न सुटत नाही, तो तिथे हवाच, आणि त्याच्यावर कुणाचा दबाव येणार नाही अशा जागी हवा. सिमेंटचा परवाना रद्द करता येतो. औषधाचा, इमारतीच्या आगप्रतिबंधक दाखल्याचा, धरणाच्या भिंतीच्या दर्जाचा करता येत नाही. कुठे अधिकार काढून घ्यायचा आणि कुठे तो राखून त्यावर प्रकाश टाकायचा, हा सगळा विवेक आहे. बाकी घोषणा.

सिंचनाचं उदाहरण तुमच्या मनात आलं असेलच. राज्याच्याच आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाचं प्रमाण ०.१ टक्क्याने वाढल्याचा आकडा छापला गेला, जलसंपदा खात्यातलेच मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये गैरव्यवहाराबद्दल पत्र लिहिलं, श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांची समिती बसली. राजकारणात कोण कुठे होतं आणि आज कुठे आहे ते मी सांगत बसत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मला त्यातला एक तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो : गडबड दिसली ती सरकारच्याच छापील आकड्यातून, आणि बोलला तो खात्यातलाच माणूस. आतल्या माणसाला बोलता येणं आणि आकडा छापला जाणं, या दोन गोष्टी राहिल्या तर बाकीचं मागून येतं.

लोकायुक्तांबद्दल न बोलता खाली बसलो तर तुम्ही रागवाल. उच्चपदस्थांवरच्या तक्रारी पाहायला कायमस्वरूपी न्यायाधिकरण हवं, ही मागणी चिंतामणराव देशमुख यांनी १९५९ सालीच केली होती. १९६६च्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल-लोकायुक्त ही कल्पना मांडली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ मध्ये लोकायुक्त प्रत्यक्ष नेमला, देशात सगळ्यांत आधी. अभिमान जरूर बाळगा. पण त्या लोकायुक्तांच्या हातात शिफारस करण्यापलीकडे काही नव्हतं. अर्धशतकानंतर नवं विधेयक आलं, विधानसभेने ते डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केलं. मुख्यमंत्रीही त्याच्या कक्षेत आहेत. मात्र त्यांची चौकशी सुरू करायची तर विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती हवी. बहुमत असलेल्या मुख्यमंत्र्याविरुद्ध दोन-तृतीयांश सदस्य कधी उभे राहतील, याचं गणित तुम्हीच करा. मी ही तरतूद वाचली तेव्हा मला हसू आलं आणि नंतर वाटलं, निदान शब्दांत तरी मुख्यमंत्रिपद आत आलं. पुढची दुरुस्ती करणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

बाहेरचं एकच उदाहरण घेतो, कारण ते अर्धवट सांगितलं जातं. हाँगकाँग. १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना पळून गेला, लोक रस्त्यावर उतरले, १९७४ मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळा असा स्वतंत्र आयोग स्थापन झाला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात. १९७७ मध्ये पोलिसांनी आयोगाच्या कचेरीवर चाल केली आणि गव्हर्नरला त्या वर्षाच्या आधीच्या बहुतेक प्रकरणांना माफी द्यावी लागली. लोकांना ती शरणागती वाटली. पण हाँगकाँग नंतर सुधारलं, कारण आयोगाने पकडापकडीबरोबर आणखी दोन विभाग तितक्याच जोमाने चालवले : एक खात्याखात्यांत जाऊन कामाची पद्धत बदलणारा, दुसरा लोकांमध्ये जाऊन भ्रष्टाचाराविरुद्ध जागृती करणारा. आपल्याकडचा लाचलुचपत विभाग गृह खात्याखाली येतो आणि त्याची जवळपास सगळी ताकद पकडापकडीत जाते. पकडलेल्या प्रत्येक तलाठ्यामागे, त्या नोंदीला इतका वेळ लागूच का शकला, हे शोधणारं कुणी नाही.

माहिती अधिकाराबद्दल थोडक्यात. आपण केंद्राच्या आधी, २००२ मध्ये कायदा केला. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा लागू झाला. आज राज्य माहिती आयोगापुढे अपिलं लाखाच्या घरात तुंबलेली असतात, म्हणजे तीस दिवसांच्या माहितीला दोन-तीन वर्षं. या कायद्याचा वापर करून खंडणी उकळणारेही आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण त्यांच्याकडे बोट दाखवून सतीश शेट्टी विसरता येत नाहीत. तळेगाव दाभाड्यातले जमीनव्यवहार उघड करणारा हा माणूस १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेला असताना मारला गेला. खंडणीखोराचा धंदा बंद करण्याचा सोपा उपाय कायद्याच्या चौथ्या कलमातच आहे. माहिती मागण्याआधीच स्वतःहून प्रसिद्ध करा. जे संकेतस्थळावर आहे ते दाबून ठेवण्याचे किंवा मागण्याचे पैसे कोण घेणार?

मला शासनाकडे काही मागायचं असेल तर ते इथलंच आहे. कलम ४(५) खाली झालेली प्रत्येक बदली, माणसाचं नाव, जागेवर किती महिने झाले होते, शिफारस कुणाची होती, आणि नोंदवलेलं कारण शब्दशः, दर महिन्याच्या पाच तारखेला संकेतस्थळावर टाका. नवा कायदा नको, आयोग नको, पैसा नको. 'प्रशासकीय निकड' हे दोन शब्द एकाखाली एक दोनशे वेळा छापले गेले की वाचणाऱ्यालाच नव्हे, सही करणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होईल. आणि त्याच पानावर दुसरा तक्ता : कुठल्या कार्यालयात किती नोंदी मुदतीबाहेर गेल्या. हे दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवा. ज्या कार्यालयात माणसं वर्षाच्या आत बदलतात तिथेच नोंदी रखडतात का, हे मग कुणाला विचारावं लागणार नाही. कदाचित माझं आजचं म्हणणं चुकीचंही ठरेल. ठरू दे, आकडे तर बाहेर येतील.

प्रश्न बरेच आले आहेत, वेळ एकाचाच आहे. मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलंय की हे सगळं ठीक, पण पैसे दिले नाहीत तर काम होत नाही आणि दिले तर आपणही गुन्हेगार, मग आम्ही करायचं काय? ताई, २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, हे खरं. पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं, तर कायदा त्याला वगळतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. देण्याआधीच लाचलुचपत विभागाकडे गेलात तर उत्तम. १०६४ हा क्रमांक, फुकट आहे. सापळ्यात लावलेले पैसे तुम्हाला परत मिळतात. अर्ज तोंडी किंवा टेबलावर ठेवून येऊ नका, पोर्टलवर करा, नाहीतर आवक शिक्क्याची पोच घ्या, म्हणजे मुदत त्या दिवसापासून धावते. आणि तक्रार केली म्हणून आपलं मूळ काम कायमचं अडेल ही जी धास्ती असते, त्यासाठी तक्रारदाराचं काम पूर्ण व्हावं म्हणून विभाग संबंधित खात्याकडे पाठपुरावा करतो. तक्रार देतानाच तिथल्या अधिकाऱ्याला सांगा, माझा अर्ज क्रमांक हा, मुदत अमुक तारखेची, आणि पाठपुराव्याच्या पत्राची एक प्रत मला द्या.